कबुतरीवरचा हिरवा सदरा

दोहा,
२० ऑक्टोबर २०२३

ती. अण्णा यांना विक्रमचा नमस्कार.

फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे माझा घसा बसतो आणि शेजारच्या खोलीला आपल्या घरातलं सगळं कळतं. वडगावच्या यंत्रमागानं तुमचे कान नेले त्याला किती वर्षं झाली, तरी मी आपला दर वेळी 'अण्णा, ऐकू येतंय का' विचारत बसतो. म्हणून वैनी म्हणाली तसं कागदावर लिहून त्याचा फोटो शेजारच्या मष्णूच्या मोबाईलवर पाठवतोय. तुम्हीही तसंच लिहून पाठवा. बोटानं मोठं करून वाचा, चष्मा शोधत बसू नका.

नोकरी बदलली. एसी दुरुस्तीचं काम सोडलं, आता उंटांच्या शर्यतीची यंत्रं दुरुस्त करतो. हसू नका. इकडं पूर्वी पळत्या उंटावर लहान पोरं बसवायचे, पाच-सहा वर्षांची, गरीब देशांतनं आणलेली. ते बंद झालं. आता पोराच्या जागी यंत्र बसतं. आपल्या घागरीएवढं असतं. आत ड्रिलची मोटर, तिला जोडलेला चाबूक, वर एक बारका स्पीकर. मालक शेजारच्या रस्त्यानं गाडीतनं पळतो, बटण दाबलं की चाबूक फिरतो, आणि तो गाडीत ओरडला की उंटाच्या मानेपाशी आवाज येतो. यंत्राला रंगीत सदरा-टोपी घालतात, लांबून बघितलं तर माणूसच वाटतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर इद्रिस म्हणून सुदानचा एकजण आहे. लहानपणी तो स्वतः उंटावर बसायचा. एक पाय आखूड आहे. आता आपल्याच जागी बसणाऱ्या यंत्राला रोज तेल घालतो. एसीच्या जाळ्या धुण्यापेक्षा हे काम मला लई बरं वाटतं. भेटेल त्याला सांगतो, माझं काम पोरं वाचवायचं आहे.

साईराजचं बघा. आई नसलेलं पोर तुमच्या नि वैनीच्या पदरात टाकून मी इथं बसलोय. चौथीत गेला तरी त्याचं कन्नड कच्चं आहे, मास्तरांना एकदा भेटून या.

तुमचा,
विक्रम


सदलगा,
१२ नोव्हेंबर २०२३

चि. विक्रमला तम्मण्णाचा आशीर्वाद.

तुझं पत्र कट्ट्यावर मोठ्यानं वाचलं. मला माझा आवाज कळत न्हाय, पण मष्णू म्हणाला चावडीपतोर गेला. समदी म्हणाली, तुझ्या भावानं नाव काढलं.

आता माझी बातमी. घोडी घेतली. करड्या रंगाची हाय, कबुतरागत, म्हणून नाव कबुतरी ठेवलंय. तू म्हणशील, या वयात अण्णाला काय खूळ लागलं. आरं, माग बंद पडल्यापास्नं मी नुसता बसून हुतो. गावात मला कुणी काय सांगत न्हाय, कारण ओरडून सांगायचा कंटाळा येतो लोकास्नी. लग्नात पंगतीला सुदिक मला कडंला बसवत्यात. घोडी घेतल्यापास्नं मातर लोक आपणहून दारात येत्यात. हातवारे करून बोलत्यात, पण बोलत्यात. निपाणी भागातल्या यात्रांस्नी घोड्यांच्या शर्यती असत्यात, ते तुला म्हाईत हाय. औंदा उतरायचं म्हणतोय.

साईराज बरा हाय. घोडीचा त्येला लई लळा. गवत तोच टाकतो, तिच्याशी कायतरी बोलत असतो. मास्तरांस्नी भेटतो.

एक सहज इचारतोय. तू म्हणतोस पाच वर्साची पोरं उंटावर बसवायचे. एवढी बारकी पोरं पळत्या जनावरावनं पडत कशी न्हवती? आणि त्यांचं वजन कसं राखायचे? कट्ट्यावर समद्यास्नी नवल वाटलं. सवडीनं लिव्ह.

तुझा अण्णा


दोहा,
२४ नोव्हेंबर २०२३

ती. अण्णा,

घोडी घेतलीत, बरं वाटलं. तुमच्या दारात माणसं येतात हे वाचून जास्त बरं वाटलं.

तुम्ही विचारलंत ते मी इद्रिसला विचारलं. चहा पाजला, मग सांगितलं. पोरांना खोगिराला बांधायचे. एक पट्टी खोगिराला, दुसरी पोराच्या चड्डीला, दोन्ही एकमेकींना घट्ट चिकटायच्या, वरून कमरेला दोरी. पोर पडत नसे आणि उंटालाही त्याचं ओझं कळत नसे. शर्यतीच्या आधी जेवण बंद. बिस्कीट आणि पाणी एवढंच. वजन वाढलं तर पोराला मालक दुसऱ्याला देऊन टाकायचा, म्हणून पोरंच भ्यायची खायला. आणि एक सांगितलं. पोर भिऊन ओरडलं की उंट आणखी जोरात पळायचा, त्यामुळं त्याला कुणी गप्प करत नसे.

इद्रिसनं मला विचारलं, भावाला हे कशाला सांगतोस? मी म्हटलं, माझ्या भावाला माहितीची आवड आहे. इथं मला कुणी काही विचारत नाही अण्णा. तुम्ही विचारलंत म्हणून सगळं बैजवार लिहिलं. कट्ट्यावर वाचून दाखवा.

आपल्या गावचा आदर्श सुट्टीवर येतोय, त्याच्याजवळ खजूर दिलाय. साईराजला एक सदरा पण दिलाय. कारखान्यात एक जुनी पेटी आहे, तिच्यात त्या वेळच्या पोरांचे सदरे पडून आहेत. रेशमी आहेत, एकदम झगझगीत. त्यातला मोठ्या मापाचा हिरवा चांगला होता, उजव्या बाहीला उसवला होता तेवढा मी पिवळ्या दोऱ्यानं शिवला. इद्रिसला दाखवला तर तो तोंड फिरवून बसला. हिरवा रंग आवडत नसेल.

विक्रम


सदलगा,
१६ जानेवारी २०२४

चि. विक्रम,

कबुतरी पहिली आली. निपाणीजवळच्या यात्रंत. फोटो मष्णूच्या मोबाईलवरनं पाठवलाय, बघ. फेटा बांधलेला मी, आणि गळ्यात हार घातलेली कबुतरी. बहिऱ्या तम्मण्णाला माईकवर बोलावलं रं. काय पुकारलं ते मला ऐकू आलं न्हाय, पण समदं मैदान माझ्याकडं बघत हुतं. मी रडलो. तुझ्या वैनीला सांगू नकोस.

बसणारं पोरगं आपल्यातलंच हाय. धीट हाय. एकदा सांगिटलं की ऐकतं.

सदरा पोचला. साईराजला मापात बसला, अंगातनं काढंना. जरा वाळलाय, वाढीचं वय हाय. मास्तरांचा निरोप आलता, शाळा बुडतीया म्हणून. यात्रंचे दिवस हाईत, भरून काढंल.

तुझी वैनी अलीकडं माझ्याशी नीट बोलत न्हाय. म्हंजे बोलती, पण तोंड माझ्याकडं करून बोलत न्हाय. मग मला कसं कळायचं.

तुझा अण्णा


दोहा,
२२ जानेवारी २०२४

ती. अण्णा,

फोटो सगळ्या कारखान्याला दाखवला. मालकाच्या माणसानं सुद्धा घोडी बघून मान हलवली. तुम्हाला फेट्यात बघून मला आपले बाबा आठवले.

इद्रिसनं फोटो हातात घेऊन लई वेळ बघितला. वर कोण बसलं होतं, विचारलं. मी म्हटलं, असेल कुणीतरी जाणता. ते 'आपल्यातलं' पोरगं कोण ते लिहा, त्याला खाऊ पाठवतो. आणि खरं सांगू का, एक जुनं यंत्र मला इथं फुकटात मिळेल. दुरुस्त करून पाठवू का? कबुतरीवर बसवा. सगळा तालुका बघायला येईल.

साईराजशी रविवारी फोनवर बोललो. बरा आहे म्हणाला. लगेच फोन वैनीकडं दिला.

विक्रम


सदलगा,
२ फेब्रुवारी २०२४

चि. विक्रम,

यंत्र नको. लोक हसतील. आणि यंत्राबरोबर मी उभा जलम काढला, त्येनं माझे कान खाल्ले, आता माझ्या घोडीवर त्येला बसवून घेऊ व्हय? हिकडं घोड्यावर जिवंत माणूस लागतो.

खाऊ नको पाठवूस. वजन वाढतं.

महिनाअखेर मोठी शर्यत हाय. आशीर्वाद कुणाचा मागू, तूच हाईस.

अण्णा


दोहा,
२८ फेब्रुवारी २०२४

अण्णा,

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातली पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघत हसत होती. कुणीतरी मला हाक मारली, विक्रमभाई, तुमच्या मुलखातली रेस बघा. घोड्याची शर्यत होती. मागं कन्नड-मराठीतनं आरडाओरडा, त्यावर कुणीतरी हसायचं गाणं लावलेलं. करड्या घोडीवर हिरव्या सदऱ्यातलं एक पोर होतं. खोगीर फिरलं आणि पोर एका कुशीला लोंबायला लागलं. घोडी पळत होती आणि पोर तसंच लोंबत होतं. पडत नव्हतं. म्हणून बघणारे हसत होते.

इद्रिसनं हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, हा पेटीतला सदरा आहे. मग म्हणाला, त्याला बांधलंय.

मी बघितलं. उजव्या बाहीवर पिवळा दोरा होता.

सगळे माझ्याकडं बघत होते. इद्रिसनं विचारलं, कोण आहे हा? माझ्या तोंडातनं काय निघालं सांगू? मी म्हटलं, पता नहीं, किसका बच्चा है. माझं पोर लोंबत होतं आणि मी म्हटलं कुणाचं आहे माहीत नाही. नंतर संडासात जाऊन तोंडात रुमाल कोंबून बसलो.

वैनी फोन उचलत नाही. मष्णूनं उचलला. साईराज निपाणीच्या दवाखान्यात आहे, जिवाला धोका नाही, एवढं बोलला आणि ठेवला. बाकीचं तुम्ही लिहा. काही लपवू नका.

विक्रम


निपाणी, दवाखान्यातनं,
२ मार्च २०२४

विक्रम,

आशीर्वाद लिहायला हात धजत न्हाय.

मांडीचं हाड मोडलंय. डोक्याला टाके हाईत. डॉक्टर म्हणाले चालंल, पण येळ लागंल. आत्ता झोपलाय. तुझी वैनी उशाला बसलीया आणि मी भाईर व्हरांड्यात. मला आत येऊ देत न्हाय, आणि तिचं बरोबर हाय.

सुरवातीपास्नं साईराजच बसत हुता. हलका हाय, घोडी त्येचं ऐकती. पयल्यांदा त्येलाबी हौस हुती, हे खोटं न्हाय. मग एकदा सरावात पडला. मी भ्यालो, पण घोडी थांबवावी असं माझ्या मनात आलं न्हाय. पोरगं पडू नये कसं, एवढंच आलं. म्हणून तुला इचारलं. सहज इचारतोय म्हणून लिहिलं ते खोटं हुतं. तुझं उत्तर आलं. त्यातलं वाईट तेवढं सोडलं आणि कामाचं तेवढं घेतलं. मागावरच्या पट्ट्याचा तुकडा हुता घरात, त्यानं बांधलं. आदल्या दिवशी भाकरी बंद केली. तुझी वैनी भांडली. मी तिच्याकडं पाठ केली. पाठ केली की मला काय ऐकू येत न्हाय, घरात समद्यास्नी म्हाईत हाय.

त्या दिवशी मी मष्णूच्या मोटारसायकलवर मागं बसून घोडीच्या बाजूनं पळत हुतो. खोगीर सरकायला लागलं. पोरानं माझ्याकडं बघितलं. त्येचं तोंड उघडं हुतं. मला वाटलं घोडीला हाक देतोय. मी हात वर करून त्येला आणखी जोर दिला. हसत हुतो मी. मष्णूला ऐकू आलं, त्येनं मोटारसायकल आडवी घातली, तवा घोडी थांबली. मष्णू म्हणतो, पोरगं मलाच आप्पा आप्पा म्हणून वरडत हुतं. बांधलं नसतं तर नुसतं पडलं असतं, खरचटलं असतं, आणि उठून आलं असतं.

मागाचा आवाज डोक्यात अजून असतो, पण त्येची हाक न्हाय गेली माझ्या कानात.

गावात तोंड दावू वाटत न्हाय. काल घोडीला गिऱ्हाईक आलं. माझ्याकडं हलकं पोरगं हाय म्हणाला. दिली न्हाय. दावणीला हाय, मष्णू वैरण टाकतो.

तू मला काय बोलायचं ते बोल. कागदावर बोल, म्हंजे सुटणार न्हाय.

तम्मण्णा


दोहा,
५ मार्च २०२४

अण्णा,

तुम्हाला बोलायला बसलो आणि दोन कागद फाडले. शिव्या येत होत्या, पण लिहिल्या की माझ्याच वाटायला लागल्या.

तुम्ही लिहिलं होतं 'आपल्यातलंच पोरगं'. मी तिथं थांबलो होतो, अण्णा. साईराज वाळलाय, शाळा बुडतेय, खाऊ नको, वजन वाढतं. एवढं सगळं वाचून कुणाला कळणार नाही? मला कळत होतं. पण तुम्ही फेट्यात होता, कारखान्यात माझं कौतुक चाललं होतं, आणि विचारलं तर उत्तर येईल, म्हणून मी पुढं विचारलं नाही. यंत्र पाठवू का म्हणून चेष्टा केली नि मोकळा झालो. दिवसभर पोरांच्या जागी बसणारी यंत्रं जोडतो मी. माझ्या पोराच्या जागी बसवायला मला एक पाठवता आलं नाही.

आज इद्रिसला खरं सांगितलं. तो माझा मुलगा आहे, म्हटलं. तो चिडेल असं वाटलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, त्याला आता पोटभर खायला देतात का? मी उठून रजेचा अर्ज केला.

तिकीट काढलंय, पंधरा तारखेला पोचतो. खालचं साईराजला वाचायला द्या. तुम्ही वाचून दाखवू नका, त्याला स्वतः वाचू दे.

साईराज, बाळा, मी दर रविवारी तुला कसा आहेस विचारायचो. तू बरा आहे म्हणायचास. तुला बांधतात, उपाशी ठेवतात, हे मला का सांगितलं नाहीस? मी रागावणार नाही. तुला जमेल तसं लिही, मष्णूकाका फोटो काढून पाठवेल.

पप्पा


निपाणी,
८ मार्च २०२४

प्रिय पप्पा,

मी बरा आहे. पायाला प्लास्टर आहे. त्यावर मष्णूकाकानं घोडी काढली आहे, ती शेळीसारखी दिसते.

मी सांगितलं नाही कारण तुम्हाला माहीत होतं. तुमचं पत्र आप्पानं कट्ट्यावर वाचलं तेव्हा मी तिथंच होतो. त्यात बांधायचं लिहिलं होतं आणि जेवायचं नाही ते पण लिहिलं होतं. मला वाटलं पप्पांनी माझ्यासाठीच लिहिलं आहे. नंतर तुम्ही सदरा पण पाठवला. मोठी आई एकदा गोठ्यात भाकरी घेऊन आली होती. मी घेतली नाही. वजन वाढलं की दुसऱ्याला देऊन टाकतात असं तुम्ही लिहिलं होतं.

पप्पा, मी ओरडलो म्हणून कबुतरी जास्त पळाली का? मला गप्प बसायचं होतं पण राहवलं नाही.

तुमचा सदरा डॉक्टरांनी कात्रीनं कापला. मी नको म्हणत होतो.

आप्पा बाहेर बसतो. खिडकीतनं दिसतो. मी हाक मारली तर बघत नाही, म्हणून मी आरशाच्या तुकड्यानं त्याच्या तोंडावर उजेड पाडतो, मग बघतो आणि लगेच खाली बघतो.

मोठी आई आता रोज सकाळ-संध्याकाळ दूध-भाकरी देते. मी अर्धीच खातो. तुम्ही सांगितलं तर सगळी खाईन. खाल्ली तर चालेल का ते पत्रातच लिहा, फोनवर नको. फोनवरचं आप्पाला ऐकू येत नाही.

तुमचा,
साईराज